हिरड्यांतून रक्त येतं. प्रतिकारशक्ती वाढवू की आवरू?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४३. वर्ष-दीड वर्षापासून ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. दुखत काहीच नाही, म्हणून मनावर घेतलं नाही. ज्या बाजूला जास्त रक्त येतं तिथे ब्रश लावायचा मी सोडून दिला, उगाच जखम वाढायला नको म्हणून. मैत्रीण म्हणाली, तुझी प्रतिकारशक्ती कमी झाली असेल. तेव्हापासून सहा महिने प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या गोळ्या घेते आहे. मागच्या महिन्यात शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मोजमाप घेऊन सांगितलं की पायोरिया आहे, चार दाढांजवळ पाच-सहा मिलिमीटरचे खिसे झाले आहेत आणि एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं दिसतंय. वर म्हणाले, "जंतू निमित्त आहेत, हाड झिजवतोय तो तुमच्याच शरीराचा प्रतिकार." तेव्हापासून झोप उडाली आहे. गोळ्या घेऊन मी आगीत तेल ओतलं का? प्रतिकारशक्ती वाढवायची की कमी करायची? माझे पती दिवसातून एकदाच, तेही घाईत ब्रश करतात, त्यांना काही नाही. मग मलाच का? माझ्या वडिलांचे सगळे दात पन्नाशीत पडले होते. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही हे होणार का?
– एक वाचक

उत्तर : ताई, बाकीचं सावकाश सांगते, पण एक गोष्ट आज रात्रीपासूनच करा. जिथे रक्त येतं तिथे पुन्हा ब्रश लावायला लागा. ब्रश मऊ घ्या, हात हलका ठेवा, पण ती जागा वगळू नका. तुम्ही जखमेला आराम द्यायला गेलात आणि तो आराम मिळाला जंतूंना. रक्त ब्रशमुळे येत नाही. ब्रश लागायच्या कितीतरी आधी ती हिरडी आतून सुजलेली, नाजूक झालेली असते. मग कशाचाही स्पर्श पुरतो. रक्त दिसलं की हात मागे घ्यावा असं कुणालाही वाटेल, यात तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका. पण आता हात मागे घेऊ नका.

आणि ज्या प्रश्नाने झोप उडाली आहे त्याचं उत्तरही आधीच देते. प्रतिकारशक्ती वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे, फक्त ते अर्धं वाक्य होतं. उरलेलं अर्धं मी सांगते.

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. बाहेर शत्रू, आत सैन्य, आणि सैन्य जेवढं मोठं तेवढं बरं. या चित्रात रक्त आलं म्हणजे सैन्य कमी पडलं, मग गोळ्या घेऊन ते वाढवायचं. नाहीतर सैन्यच घात करतंय, मग ते आवरायचं. तुमचा गोंधळ या चित्रातून आलेला आहे. हिरड्यांपुरतं तरी ते बाजूला ठेवा आणि हे सगळं जिथे घडतं त्या जागेकडे बघा.

आपल्या शरीरावर बाहेरून त्वचेचं आणि आत ओल्या अस्तराचं सलग आवरण आहे. हे आवरण भेदून बाहेर आलेला टणक अवयव एकच, तो म्हणजे दात. नखं आणि केस त्वचेपासूनच बनतात, त्यांच्यासाठी आवरणाला भोक पडत नाही. दात मात्र आत हाडात रुजलेला आणि बाहेर जंतूंनी भरलेल्या तोंडात उघडा. म्हणजे प्रत्येक दाताभोवती आवरणाला एक फट आहे आणि ती बंद ठेवायचं काम हिरडीच्या आतल्या बाजूच्या अगदी पातळ पट्टीकडे आहे. ही पट्टी दाताला चिकटून असते. गंमत वाटेल, पण तिच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या नसतात, मधे मोकळी जागा असते. दर काही दिवसांनी ही पट्टी नवी होते. इतकी महत्त्वाची जागा निसर्गाने इतकी सैल का ठेवली? कारण त्या फटींतून पहारेकऱ्यांची ये-जा सतत चालू राहायला हवी.

हे पहारेकरी म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. पूर्ण निरोगी हिरडीतूनही त्या दिवसरात्र रक्तवाहिनीतून बाहेर पडतात, या पट्टीतल्या फटींतून वाट काढतात आणि दात-हिरडीच्या मधल्या खाचेत उतरतात. त्यांच्याबरोबर एक पातळ द्रवही झिरपत असतो, त्यात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची साखळी असते. ही प्रथिनं जंतूंवर खूण करतात, त्यांना भोकं पाडतात आणि आणखी पेशींना बोलावतात. यातलं काहीच आपल्याला जाणवत नाही. सूज नाही, रक्त नाही. म्हणजे हिरड्यांचा प्रतिकार हा आजार झाल्यावर सुरू होत नाही. तो रोज चालूच असतो, आणि निरोगी हिरडी म्हणजे ज्या हिरडीत ही गस्त शांतपणे चालली आहे ती.

मग बिघडतं कुठे? १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. कुणाला १० दिवस लागले, कुणाला २१, पण सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरड्या सुजतात त्या दातांवर साचणाऱ्या थरामुळे, हे यातून माणसांवर सिद्ध झालं. मला स्वतःला या प्रयोगातला दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा वाटतो. थर निघाला आणि शरीराने सूज स्वतःहून उतरवली. कुणाची प्रतिकारशक्ती वाढवली नव्हती, कुणाची दाबली नव्हती.

त्या दोन-तीन आठवड्यांत आत काय होतं ते बघा. घासलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांची पातळ साय धरते. तासाभरात तिच्यावर पहिले जंतू बसतात. हे बरेचसे निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर दुसरे बसतात, दुसऱ्यांना धरून तिसरे. थर जाड होत जातो तशी आत हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना जागा मिळते. हे सगळे स्वतःच तयार केलेल्या चिकट लगद्यात एकत्र राहतात. तिकडे दोन ते चार दिवसांत हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात आणि न्यूट्रोफिलची संख्या वाढते. आठवड्याच्या आत दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, गोळा होऊ लागतात आणि हिरडीला ताठ ठेवणारे कोलॅजनचे धागे विरू लागतात. दोन-तीन आठवड्यांत प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची गर्दी झालेली असते. हिरडीच्या आतल्या बाजूचं अस्तर झिजून पातळ होतं, त्याला ठिकठिकाणी बारीक चिरा पडतात आणि त्याच्या लगेच मागे रक्ताने तट्ट भरलेल्या वाहिन्या असतात. तुम्हाला आरशात दिसतं ते रक्त इथलं. दुखत नाही, कारण हे सगळं हळूहळू आणि फार आरडाओरडा न होता चालतं. न दुखणं हीच या आजाराची सगळ्यात वाईट गोष्ट आहे असं मला अनेक वर्षं वाटत आलं आहे.

म्हणजे रक्त येणं हे प्रतिकारशक्ती कमी पडल्याचं लक्षण नाही. उलट ती तिथे पूर्ण जोर लावून उभी आहे आणि तिला हटता येत नाहीये.

हटता का येत नाही, हा खरा मुद्दा आहे. हाताला काटा रुतला तर तिथेही न्यूट्रोफिल धावतात, जंतू संपतात, मग त्याच पेशी मरतात, दुसऱ्या पेशी त्यांना उचलून नेतात आणि शरीर सूज उतरवणारी रसायनं सोडतं. सूज उतरवणं हेही शरीराचं एक काम आहे, आपोआप विझून जाणारी गोष्ट नाही. हिरडीत मात्र जंतूंचा थर शरीराच्या आत नसतोच. तो दातावर बसलेला असतो, आणि दाताच्या पृष्ठभागात रक्तवाहिनी नाही. पेशी हिरडीतून बाहेर येऊन त्या थरापर्यंत पोचतात, पण त्या लगद्यात शिरून सगळं फस्त करणं त्यांना जमत नाही. मग जंतू मारायला त्यांच्याजवळ असलेली तीव्र रसायनं आणि धागे तोडणारी विकरं (एन्झाइम) तिथेच सांडतात. थर तसाच राहतो, आणि त्या विकरांनी तुटतात ते तुमच्या हिरडीचे धागे.

त्यातच काही जंतू असे आहेत की त्यांना ही सूज हवीच असते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हे लांबलचक नाव तुम्ही लक्षात ठेवू नका, पण त्याची करामत ऐका. याला साखर लागत नाही. याला लागतात प्रथिनांचे तुकडे आणि रक्तातलं लोह असलेला हीम हा घटक. दोन्ही गोष्टी कुठे मिळतात? सुजलेल्या, धागे तुटणाऱ्या, रक्त झिरपणाऱ्या हिरडीत. हा जंतू कॉम्प्लिमेंटच्या साखळीतलं एक प्रथिन स्वतःच्या विकराने कापतो आणि त्या तुकड्यातून न्यूट्रोफिलला असा उलटसुलट निरोप देतो की तिची जंतू मारायची क्षमता मंदावते, पण सूज वाढवणं चालूच राहतं. आजूबाजूच्या बाकीच्या जंतूंचंही त्यात फावतं. २०११ साली उंदरांवर झालेल्या एका संशोधनात दिसलं की अजिबात जंतू नसलेल्या उंदराच्या तोंडात हा एकटा सोडला तर हाड झिजत नाही. नेहमीचे जंतू असलेल्या उंदरात मात्र तो अगदी थोड्या संख्येने शिरला तरी सगळ्या वस्तीचा तोल बिघडवतो आणि हाड झिजतं. आणि ज्या उंदरांच्या पेशींत कॉम्प्लिमेंटचा निरोप ऐकायची सोयच नव्हती, त्यांचं हाड तेच जंतू असूनही वाचलं. "जंतू निमित्त आहेत" असं तुमचे डॉक्टर म्हणाले ते यासाठी. मी असं म्हणेन की जंतू निमित्त नाहीत, कारणच आहेत. पण हाडापर्यंतचा रस्ता तुमच्या शरीराच्या प्रतिसादातून जातो.

हाडाचं काय होतं तेही सांगते, कारण हाड "खाल्लं जातं" असं ऐकून लोक फार घाबरतात. जंतू हाड खात नाहीत, बहुतेक वेळा ते हाडापर्यंत पोचतही नाहीत. हाड हे जिवंत असतं. त्यात जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी आणि नवं हाड घालणाऱ्या पेशी आयुष्यभर जोडीने काम करतात. हिरडीत महिनोन्‌महिने सूज राहिली की तिथे जमलेल्या लिम्फोसाइट पेशी रँकल नावाचं प्रथिन जास्त सोडू लागतात, आणि ते हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागं करतं. त्याला रोखणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन तेवढ्या प्रमाणात नसतं. तराजू कलतो आणि हाड मागे सरकतं. जंतूंच्या थरापासून साधारण दोन मिलिमीटरचं अंतर हाड राखून असतं. थर मुळावरून खाली उतरला की हाड तेवढं आणखी मागे जातं. विस्तव जवळ आला की माणूस पाऊल मागे घेतो, तसं. हाडात जंतू शिरण्यापेक्षा हाडाने माघार घेतलेली शरीराला परवडते. फक्त त्या माघारीत दाताचा आधार जातो.

आणि हिरडी वर, हाड खाली अशी जी पोकळी मधे होते, तिलाच डॉक्टर खिसा म्हणाले. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटरची असते. तुमची पाच-सहा आहे. तिथे ब्रश पोचत नाही. जंतूंना अंधार, ओलावा, अन्न, सगळं तिथेच मिळतं. हे चक्र आपोआप थांबणार नाही.

आता "मलाच का?" पतींशी तुलना करून तुम्ही स्वतःला टोचून घेताय, ते मला पत्रात दिसलं. या प्रश्नाचं सगळ्यात बोलकं उत्तर श्रीलंकेतल्या चहामळ्यांत मिळालं. तिथल्या ४८० पुरुष कामगारांच्या हिरड्यांची १९७० ते १९८५ अशी १५ वर्षं वेळोवेळी तपासणी झाली. दात घासायची पद्धत त्यांच्यात नव्हती, दातांचे उपचारही नव्हते. दातांवर थर आणि कीटण सगळ्यांच्याच, हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या. तरी १५ वर्षांत ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. ८१ टक्के लोकांत तो मध्यम गतीने चालला. आणि ११ टक्के लोकांत हिरड्यांच्या सुजेपलीकडे काहीच झालं नाही. घाण तीच, वय तेच, काम तेच. फरक होता तो त्या थराला प्रत्येकाच्या शरीराने दिलेल्या उत्तरात. तुमचे पती कदाचित त्या ११ टक्क्यांतले असतील. तुम्ही आणि तुमचे वडील नाही. हे उत्तर बऱ्याच अंशी जन्मजात असतं. त्यात मधुमेह असला किंवा तंबाखू असली, कुठल्याही रूपात, तर ते आणखी बिघडतं.

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. नव्याने काम सुरू केलं तेव्हा "मलाच का?" असं कुणी विचारलं की मी सरळ म्हणायचे, "नीट घासत नाही म्हणून." एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी पहिल्यांदा थांबले. त्या दिवसातून तीनदा घासत होत्या. त्यांच्या शरीराला जेवढी स्वच्छता लागते तेवढी बहुतेकांना लागत नाही, आणि ती नेमकी कुठे करायची हे त्यांना कुणी, मीही, दाखवलं नव्हतं. तेव्हापासून मी "नीट घासत नाही" हे वाक्य वापरत नाही. तुम्हीही ते स्वतःसाठी वापरू नका.

गोळ्यांबद्दल. त्यांनी आगीत तेल ओतलं असं मला वाटत नाही. अशा गोळ्यांत बहुधा जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात. शरीरात त्यांची कमतरता असेल तर ती भरून काढावी, क जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असली तर हिरड्यांतून रक्त येतंच. पण पुरेसं असताना वरून आणखी घेतलं म्हणून हिरडीची सूज उतरत नाही. गोळ्यांनी तुमचं नुकसान केलं ते एवढंच की त्यांच्या भरवशावर सहा महिने गेले. कमतरता आहे का हे तपासून घ्या. नसेल तर बंद करा.

आणि प्रतिकार आवरायचा का? याचं उत्तर ज्यांच्यात तो अपुरा असतो त्या मुलांकडे बघून मिळतं. एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे, त्यात न्यूट्रोफिल रक्तात भरपूर असतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडता येत नाही, म्हणून हिरडीपर्यंत पोचत नाहीत. या मुलांच्या हिरड्या लहानपणीच भयंकर सुजतात आणि दात पडतात. म्हणजे पहारा नसेल तर दात टिकत नाहीत. संशोधकांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की इथेही हाड झिजवतात ते शरीराचेच निरोप. न्यूट्रोफिल पोचल्या की "आता पुरे" असा संदेश मागे जातो. त्या पोचतच नाहीत, म्हणून बोलावण्याचा संदेश थांबतच नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बिघाड ताकद कमी की जास्त याचा नाही, थांबता न येण्याचा आहे. म्हणून सूज कमी करणारी जोरदार औषधं मनाने घेणं हा उपाय नाही. थर तसाच ठेवून पहारा हटवला तर जंतूंना मोकळं रान मिळेल.

अँटिबायोटिकचंही तसंच. पायोरियात ती सरसकट देत नाहीत. त्या चिकट लगद्यात औषध नीट शिरत नाही. आधी तो लगदा हाताने किंवा यंत्राने मोडावा लागतो. काही निवडक रुग्णांतच, सफाईच्या जोडीने, डॉक्टर ती देतात. प्रतिसादाला थोडी मुरड घालणारं एक औषध मात्र खरोखर आहे, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून सांगते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक फक्त २० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून दोनदा दिलं तर ते जंतू मारण्याइतकं नसतं, पण धागे तोडणाऱ्या विकरांना रोखतं. अमेरिकेत १९९८ साली त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. फायदा होतो, पण माफक, आणि तो सफाईच्या जोडीलाच. तुमच्या बाबतीत सुरुवातीला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. मनाने तर मुळीच घेऊ नका.

मग करायचं काय? खिशांच्या आत, मुळांवर बसलेला थर आणि कीटण काढून टाकायचं. तुमचे डॉक्टर बधिर करून, दोन किंवा अधिक बैठकांत, हिरडीखालची सफाई करतील. याला कुणी डीप क्लिनिंग म्हणतं, कुणी रूट प्लेनिंग. ही सफाई म्हणजेच तुमच्या प्रतिकारशक्तीवरचा उपचार आहे, हे मला तुम्हाला मनापासून पटवायचं आहे. थर गेला की बोलावणं थांबतं, पेशी परततात, धागे पुन्हा बनतात, हिरडी दाताला पुन्हा घट्ट लपेटते. हे करायचं कसं ते शरीराला माहीत आहे.

सफाईनंतर दोन गोष्टी होतील, त्या आधीच सांगते, म्हणजे तुम्ही घाबरून उपचार सोडणार नाही. सूज उतरली की हिरडी आक्रसते, दात लांब दिसू लागतात, दातांच्या मधे फटी दिसतात. आणि काही आठवडे थंड लागलं की कळ येते. "सफाई केल्याने दात सैल होतात, फटी पडतात" हा समज इथून आला. फटी आधीच होत्या, सुजेने आणि कीटणाने झाकलेल्या. दुसरं, गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही. उपचार त्याची पीछेहाट थांबवतात. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत शस्त्रक्रियेने थोडं हाड भरून येऊ शकतं, पण त्याचा विचार आत्ता करू नका.

घरी रोज करायचं काम ब्रशपेक्षा दातांच्या मधल्या फटींचं जास्त आहे. त्यासाठी बारीक इंटरडेंटल ब्रश मिळतात. तुमच्या फटींना कुठला आकार बसतो ते डॉक्टरांकडून बघून घ्या, आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा. नेहमीच्या ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून, छोट्या छोट्या हालचालींनी, दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात रक्त येईल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते कमी होत गेलेलं तुमचं तुम्हालाच दिसेल. खोल खिशांजवळ मात्र नुसत्या ब्रशने ते पूर्ण थांबणार नाही.

सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करून घ्या. ते आकडे तुम्ही स्वतः विचारा, लिहून ठेवा. चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी, आणि मोजताना रक्त नाही, इथपर्यंत यायचं आहे. पाच-सहाचे काही खिसे एवढ्याने बसतात, काही हट्टी असतात. त्यांची सफाई पुन्हा करावी लागते, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि सफाई. "झालं एकदा" असं या आजारात नसतं, कारण तुमच्या शरीराचा स्वभाव बदललेला नसतो, आणि खिशात जंतूंची जुनी वस्ती काही आठवड्यांत पुन्हा बसू लागते.

रक्तातल्या साखरेची, तीन महिन्यांच्या सरासरीची, एचबीएवनसी तपासणीही करून घ्या. तुम्ही मधुमेहाचा उल्लेख केलेला नाही, पण त्रेचाळिसाव्या वर्षी पाच-सहा मिलिमीटरचे खिसे असताना ती केलेली नसेल तर करायलाच हवी. हे नातं दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असली की हिरडीतली सूज उतरणं अवघड होतं, आणि हिरडीतली सूज साखर वाढवते. मधुमेह असलेल्या रुग्णांच्या पायोरियावर नीट उपचार केले तर हा आकडा तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतो. हिरड्यांच्या सफाईतून एवढं मिळणं मला अजूनही विलक्षण वाटतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि हिरड्यांबरोबर नाकातून रक्त, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग किंवा ताप असं काही असेल तर वाट न बघता रक्ततपासणी करा; ते वेगळं प्रकरण असू शकतं. हृदयविकाराशीही पायोरियाचा संबंध लावतात. दोन्ही एकाच माणसात जास्त वेळा आढळतात हे खरं, पण एकामुळे दुसरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्या भीतीने आणखी झोप घालवू नका.

राहिली तुमची मुलगी. वडिलांकडून तुमच्याकडे जे आलं ते पायोरिया नव्हता, थराला तीव्र उत्तर देण्याची शरीराची प्रवृत्ती होती. ती मुलीकडे आली असेल किंवा नसेलही. आली असली तरी थर साचू न दिल्यास त्या प्रवृत्तीला उत्तर देण्यासारखं काही उरत नाही. तुमच्या पुढच्या भेटीच्या वेळी तिला बरोबर न्या आणि तिच्याही हिरड्या मोजून घ्या. या वयात क्वचित एक वेगाने वाढणारा प्रकार दिसतो, त्यात पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांच्याजवळचं हाड लवकर झिजतं आणि बाहेरून हिरड्या बऱ्या दिसतात. घरात इतिहास असताना तेवढं बघून घ्यायलाच हवं. मोजमाप ठीक आलं तर वर्षातून एकदा दाखवलं की पुरे. ब्रश करताना रक्त आलं तर ते लपवायचं नाही आणि ब्रशही थांबवायचा नाही, एवढं तिला तुम्ही सांगा. तुमच्याइतकं नीट तिला ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

दुसऱ्यांदा मोजमाप झालं की आकडे मला कळवा. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही. मी वाट बघते.